मांडवाबाहेरचं कोल्हापूर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. सौ. कां. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी गुरुवारचा घट मांडत होते, म्हणून नीट बोलले नाही. आता आरती झाली, नैवेद्य झाला, पप्पा जेवून आडवे झाले आहेत. शांतपणे लिहिते.

पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायला 'काय पाहाल, काय कराल' असं एक पान तू मागितलंस. सोबत तू काढलेली यादीही पाठवलीस. मी ती दोनदा वाचली. चौदा ठिकाणं आहेत त्यात. कोलकात्याची माणसं विमानानं पुण्याला उतरणार, तिथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर बसनं येणार, आणि मधल्या दिवसांत हळद, लग्न, गोंधळ. त्यांनी चौदा ठिकाणं बघायची तर प्रत्येक ठिकाणी बसमधून उतरायचं, फोटो काढायचा आणि परत चढायचं, एवढंच होईल. ते पान छापू नकोस. त्याऐवजी हे पत्र वाच आणि कुणाला कुठं कधी न्यायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.

मी एवढी अडून का बसले ते सांगते. तू तिसरीत होतीस, तेव्हा आपण नात्यातल्या एका लग्नाला लांबच्या एका जुन्या शहरात गेलो होतो. केवढं मोठं नाव त्या शहराचं! उतरायची सोय चांगली होती, टेबलाच्या काचेखाली बघायच्या ठिकाणांचा कागदही होता. पण दोन दिवस आपल्याकडं कुणी फिरकलं नाही. सगळे कामात. रिक्षावाल्याला काय सांगायचं ते कळत नव्हतं, भाषा येत नव्हती. आपण खोलीत बसून राहिलो. शेवटच्या दिवशी नवऱ्या मुलाची आजी आली, नऊवारीसारखंच काहीतरी त्यांच्याकडचं लुगडं नेसलेली, आणि माझा हात धरून आपल्याला गल्लीतून त्यांच्या भाजीबाजारात घेऊन गेली. तिथून एका तळ्याच्या काठी बसवलं, स्वतःच्या पिशवीतले पेरू चिरून दिले. त्या शहरातला किल्ला मी आजवर पाहिला नाही, पण ते तळं मला डोळे मिटले तरी दिसतं. तेव्हाच मनाशी धरलं होतं की माझ्या लेकीच्या लग्नाला येणाऱ्या माणसाला मी कागद देणार नाही, सोबत माणूस देईन.

तर माणसं मी ठरवून ठेवली आहेत. मामा, आत्ती, वरच्या मजल्यावरचे काका, तुझी दोन मावसभावंडं आणि मी. दहा-दहा पाहुण्यांमागं आपल्या घरचं एक माणूस. हिंदी सगळ्यांना येते, आणि मावसभाऊ तुझ्याकडून चार बंगाली वाक्यं शिकायला तयार आहे.

पाहुणे ३१ जानेवारीला दुपारी पोचतील. त्या दिवशी त्यांना कुठंही न्यायचं नाही. अंघोळ करू देत, झोपू देत. संध्याकाळी ज्यांना पाय मोकळे करायचे असतील त्यांना रंकाळ्यावर. मावळतीच्या वेळी पाणी तांबूस होतं, पलीकडं शालिनी पॅलेस दिसतो, पाण्याच्या कडेला संध्यामठ. पावसाळ्यात तो बुडालेला असतो, हे सांगितलं की लोक त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात. काठावर भेळ खायची आणि परत यायचं.

रात्रीचं जेवण आपल्या घरी, गच्चीवर. दुसऱ्या दिवशी देवक बसलं की लग्न होईपर्यंत घरात वशाट चालणार नाही, म्हणून मटण त्याच रात्री. मामी सकाळपासून चुलीशी असेल. तुला भीती वाटते की तिखटानं पाहुणे हैराण होतील. अगं, कोल्हापूरचं जेवण म्हणजे नुसती मिरची, हे बाहेरच्या हॉटेलांनी पसरवलेलं आहे. घरच्या तांबड्या रश्शाला रंग असतो, कांदा-लसूण मसाल्याचा वास असतो, पण तो जीभ जाळत नाही. आणि पांढरा रस्सा तर त्यांना आपलाच वाटेल. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ आणि खसखस. बंगाली स्वयंपाकात खसखशीला केवढा मान आहे हे तूच मला सांगितलं होतंस. फक्त त्यांना आधी सांगून ठेव की रस्सा भातावर घ्यायची घाई नको, पहिल्यांदा वाटी तोंडाला लावून प्यायचा. आणि पुन्हा मागायचा. न मागणाऱ्याला मामी वाढत राहील ते वेगळंच.

आता १ फेब्रुवारी. हा दिवस माझ्या मनात सगळ्यांत मोठा आहे, लग्नाच्या दिवसाइतकाच.

तारखा ठरल्या तेव्हा तुझ्या लक्षात आलं होतं का मला माहीत नाही, पण ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ ला असतो, तसाच हा. आपल्या देवीचं तोंड पश्चिमेला. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, मंडपामागून मंडप ओलांडत गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी अंगावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. त्या वेळी आतले दिवे मालवतात आणि काही क्षण देवी फक्त सूर्याच्या उजेडात दिसते. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी दगड रचताना हा कोन धरला. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षी तुझ्या आज्जीनं मला पहिल्यांदा नेलं होतं, आणि किरण कमरेपर्यंत चढले तेव्हा तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पाहुण्यांना हेही मोकळेपणानं सांग की हे दरवेळी जमतंच असं नाही. ढग आले, धुरकट हवा असली, वाटेत एखाद्या इमारतीचा अडथळा आला की किरण अलीकडंच थांबतात. गर्दी तर असतेच. म्हणून सगळ्यांना आत घुसवायचं नाही. ज्यांना उभं राहवतं त्यांना काका लवकर नेतील. बाकीच्यांनी महाद्वाराबाहेर, किरणांची वाट मोकळी सोडून, बाजूला उभं राहायचं. तिथून उजेड आत जाताना दिसतो. किरण पोचले की घंटा आणि आरती ऐकू येतेच.

देवीचं दर्शन मात्र सगळ्यांना त्याच दिवशी पहाटे. उन्हाच्या आधी, फरशी गार असताना. त्यांच्याकडं शाक्त परंपरा केवढी मोठी! शक्तिपीठांच्या याद्यांत करवीरचं नाव असतं, त्यामुळं त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते नाव ऐकलेलं असेल, फक्त करवीर म्हणजेच कोल्हापूर हे त्यांना सांगायला हवं. मधे महालक्ष्मी, एका बाजूला महाकाली, एका बाजूला महासरस्वती. दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पडू नका. मंदिराला बाहेरून एक फेरी मारा. भिंतीवर चौसष्ट योगिनी आहेत, वाद्यं वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या बायका आहेत. आपण रोज जाणारी माणसं त्यांच्याकडं बघत नाही. आणि मूर्तीची गोष्ट सांगा: आक्रमणाच्या काळात ती पुजाऱ्यांच्या घरी लपवून ठेवली होती, आणि १७१५ च्या विजयादशमीला पुन्हा बसवली. कपडे अंगभर घालायला सांग, देवळात हल्ली त्याबद्दल आग्रह असतो.

दर्शनानंतर न्याहारी. मिसळ. सोबत पावाऐवजी ब्रेडचे तुकडे येतात याचं त्यांना नवल वाटेल. कट वेगळा मागवायचा, आधीच मिसळीवर ओतून घ्यायचा नाही.

मग भवानी मंडप. जुना राजवाडा, तुळजाभवानीचं देऊळ. तिथून पुढं भाऊसिंगजी रोडनं टाऊन हॉलपर्यंत चालत. हे अंतर मी स्वतः त्यांच्याबरोबर चालणार आहे, दुसऱ्या कुणाला देणार नाही. का ते सांगते, आणि हे मी तुला समोरासमोर कधी बोलले नाही.

तू मला पहिल्यांदा सांगितलंस की मुलगा बंगाली आहे, आपल्या जातीतला नाही, आपल्या भाषेतला नाही, तेव्हा मी आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नव्हते. तुला वाटलं पप्पा रागावलेत. पप्पा नव्हते रागावले, मीच अडले होते. लोक काय म्हणतील, देवक कसं बसवायचं, नातवंडं कुठली भाषा बोलतील. तेव्हा मी रोज शाळेतून दसरा चौकावरून घरी यायचे. तिथं शाहू महाराजांचा पुतळा. तीस वर्षं मी वर्गात मुलांना शिकवलं की २६ जुलै १९०२ ला महाराजांनी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवायचा हुकूम काढला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी या गावात बोर्डिंगं उभी केली. त्यातलं मुस्लिम बोर्डिंग त्या चौकातच आहे. आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली, तीही शंभर वर्षांपूर्वी, आणि नुसता कायदा करून थांबले नाहीत. मराठा-धनगर सोयरिकी जुळवायचं मनावर घेतलं आणि आपल्याच जन्मघराण्यातली, घाटग्यांची मुलगी इंदूरच्या होळकरांकडं द्यायचं ठरवलं. हे मी फळ्यावर लिहिलेलं, प्रश्नपत्रिकेत विचारलेलं. आणि माझ्या घरात वेळ आली तर मी तोंड फिरवून बसले होते. नवव्या दिवशी मी पुतळ्यासमोर थांबले, तिथूनच तुला फोन केला. त्या दिवशी रस्त्याचा आवाज फार येत होता ना, तो दसरा चौकातला.

म्हणून भाऊसिंगजी रोडवर मला त्यांना गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगायची आहे. गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलंच, पण गंगारामांना स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगितलं. त्यांनी याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला वरच्या जातीचं कोण येणार? मग महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या हॉटेलसमोर थांबवायचे, तिथं चहा मागवायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. माझ्या मते कोल्हापुरात बघायची सगळ्यांत मोठी जागा ती आहे, आणि तिथं बघण्यासारखं आज डोळ्यांना फारसं काही नाही. ती सांगावीच लागते. आम्ही त्याच रस्त्यावर उभ्यानं एकेक कप चहा घेणार आहोत, दोन्हीकडची माणसं मिळून.

टाऊन हॉलच्या संग्रहालयात एकच वस्तू शांतपणे दाखवायची. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास उत्खनन झालं, त्यात सापडलेली पोसायडनची काशाची मूर्ती. वीतभरही नाही. ग्रीकांचा समुद्रदेव, दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या व्यापाराबरोबर बंदरावर उतरून घाट चढून आपल्या गावात आला. पाहुण्यांतल्या मुलांना ती मूर्ती स्वतः शोधायला लाव. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं कॅलेंडर बघून घे. इमारत मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदांची. नवा राजवाडाही त्यांचाच, १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेला. काळा दगड, उंच घड्याळाचा मनोरा, दरबार हॉलच्या रंगीत काचांत शिवचरित्रातले प्रसंग. ज्यांना राजेरजवाड्यांच्या वस्तू, हत्यारं, शिकारी आवडतात त्यांनी जावं. सगळ्यांना ओढत न्यायची गरज नाही.

परत येईपर्यंत हळदीची वेळ होईल. तुझ्या सासूबाई म्हणत होत्या की त्यांच्याकडं मुलाला लावलेली हळद मुलीच्या घरी पाठवतात आणि सोबत सजवलेला रोहू मासा असतो. देवक बसलेल्या घरात मासा कसा घ्यायचा यावर आत्तीनं वाद घातला. मी तोडगा काढलाय: माशाचं ताट शेजारच्या काकूंच्या घरी उतरवायचं, ओवाळायचं, आणि त्यांच्याच घरी तो रांधायचा. मानही राहतो, देवकही राहतं.

पुरुष मंडळींसाठी एक वेगळी पहाट ठेवली आहे. मामा लहानपणी तालमीत जायचे हे तुला माहीत आहे. त्यांनी वस्तादांना विचारून ठेवलंय. चार-पाच जण पहाटे जाऊन लाल मातीतला सराव बघतील. ती माती नुसती माती नसते, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मऊ करतात, जपतात. तालमीत बायकांनी जायचा रिवाज नव्हता. आता आपल्याच भागातल्या पोरी कुस्तीची मैदानं गाजवतात, पण घरंदाज तालमीत आपण न विचारता शिरायचं नाही. बायकांनी आणि मुलांनी खासबाग मैदान बघावं. महाराजांनी १९०२ च्या युरोपच्या प्रवासात रोमचं कलोझियम पाहिलं आणि तसं कुस्तीचं मैदान इथं बांधायचं ठरवलं. १९१२ मध्ये ते उभं राहिलं. बशीसारखा उतार, हजारो माणसं बसली तरी शेवटच्या माणसाला आखाडा दिसतो. रिकामं मैदानही बघण्यासारखं आहे. कडेला चढून जा आणि खाली मधोमध उभ्या असलेल्या माणसाकडं बघा. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री, ते जळलं. त्या रात्री आपल्या गच्चीवरून आकाश लाल दिसत होतं, पप्पा रडले होते. त्यांना त्या जागेबद्दल बोलतं करू नकोस, पाहुण्यांसमोर पुन्हा तसं होईल.

जावयांच्या काकांचं फुटबॉलचं वेड तू सांगितलंस तेव्हापासून मामांना रात्री झोप नाही. बंगाली माणसाला महाराष्ट्रात आल्यावर फुटबॉल मिळेल असं वाटत नसेल. त्यांना सांग, इथं तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमीच्या नावानं फुटबॉल खेळणारं गाव दुसरं कुठलं असेल? थंडीत हंगाम चालू असतो. शाहू स्टेडियमवर त्या दिवसांत सामना असला तर मामा काकांना घेऊन जातील, पण मंगळवार पेठेच्या बाजूला बसतील, हे आधीच सांगून ठेवते.

आणि त्यांच्यात सिनेमावेडी माणसं असतीलच. त्यांना सांग की बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला तो याच गावात, प्रभात कंपनी १९२९ मध्ये सुरू झाली तीही इथंच, पुण्याला नंतर गेली. आपल्या घरापासून खरी कॉर्नर लांब नाही, तिथं त्या काळाची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये परिव्राजक म्हणून फिरताना कोल्हापुरात आले होते आणि इथून पुढं बेळगावला गेले, हेही तुझ्या सासऱ्यांच्या कानावर घाल. त्यांना आवडेल.

लग्नाच्या दिवशी कुणाला कुठं न्यायचं नाही.

३ तारखेला सकाळी पन्हाळा. सात वाजता बस हलली पाहिजे. मागं एकदा आपण पाहुण्यांना भर दुपारी गडावर नेलं होतं आणि आत्तीच्या नणंदेला चक्कर आली होती. तसं पुन्हा नको. गड वीसच किलोमीटरवर आहे, गाडी वरपर्यंत जाते, म्हणून म्हाताऱ्या माणसांनाही येता येईल. वाटेत शिवारात गुऱ्हाळ चालू असेल. तिथं बस थांबवायचीच. चुलवणावर काहील, उकळणारा रस, वर येणारी मळी, आणि गुळव्या तारेवर नजर ठेवून उभा. गरम काकवी द्रोणात घेऊन चाखायला द्या. त्यांच्याकडं थंडीत खजुराचा गूळ निघतो, त्याची संदेश नावाची मिठाई करतात. गुळाचं महत्त्व त्यांना समजावून सांगावं लागणार नाही, दोन गुळांची तुलना मात्र तासभर चालेल. तेवढा वेळ धरून चाला.

गडावर तीन दरवाजा, अंधार बाव, अंबरखाना आणि सज्जा कोठी, बस्स. अंबरखान्याच्या धान्यकोठारांची नावं गंगा, यमुना, सरस्वती. आत गेलं की थंडावा आणि आवाज घुमतो. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं चारेक महिने गडाला वेढा घातला होता, तेव्हा माणसं कशावर तगली ते तिथं उभं राहिलं की कळतं. सज्जा कोठीच्या गवाक्षातून खालचं खोरं दिसतं. तिथं सगळ्यांना बसवून काका शिवा काशिदांची आणि बाजीप्रभूंची गोष्ट सांगतील. शिवाजी महाराजांसारखा पेहराव करून, पकडले जाणार आणि मारले जाणार हे ठाऊक असून पालखीत बसलेला तो माणूस. काका सांगायला लागले की थांबवू नकोस. पन्हाळा आता युनेस्कोच्या जागतिक वारशात आलाय, २०२५ मध्ये, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांतला एक म्हणून. आणि उतरायच्या आधी पिठलं-भाकरी, दही, ठेचा, खाली बसून.

दुपारी बायकांना मी गुजरीत, सराफांच्या पेठेत घेऊन जाणार. विकत घ्यायलाच हवं असं नाही. माझा गळ्यातला कोल्हापुरी साज मी घालून जाईन आणि त्यांना हातात घेऊन बघू देईन. एकवीस पानं, त्यांत दशावतार, अष्टमंगळं, माणिक, पाचू. तुझ्या आज्जीनं मला एकेक पान बोटानं दाखवत नावं पाठ करून घेतली होती. पहिल्या अवताराचा मासा बघून तुझ्या सासूबाईंना काय वाटेल ते मला बघायचंय. त्यांच्या शाखा-पोला, म्हणजे शंखाच्या आणि पोवळ्याच्या बांगड्या तुझ्या हिरव्या चुड्याशेजारी बसतील का, हाही प्रश्न तिथंच सोडवू. कासारणीला मी दोन्ही दाखवले आहेत, ती म्हणाली, हाताला जागा भरपूर आहे.

पुरुषांना चप्पल लाईनमध्ये. त्यांना एवढं शिकवून ठेव की चपलेला खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवलेली असते. बोटांनी वाकवून बघायची. यंत्रावरची नको. पहिले काही दिवस तेल लावायचं, थोडा थोडा वेळ घालायची, पाऊस दाखवायचा नाही. करकर वाजणारी हवी असेल तर तसं आधी सांगावं लागतं.

रात्री गोंधळ. हा मी 'बघायच्या' गोष्टींत धरलाच नव्हता, तुझ्या मावसबहिणीनं आठवण केली. संबळ, तुणतुणं, दिवटी आणि सगळ्या देवतांना गोंधळाला यायचं बोलावणं. घराघरांत होतो म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण कोलकात्याच्या माणसाला ढाक नावाच्या ढोलाचा आवाज रक्तात असतो, संबळ वाजल्यावर ते खुर्चीत बसून राहतील असं मला वाटत नाही. गोंधळ्यांना सांगून ठेवलंय की आवाहनात कालीघाटच्या कालीमातेचंही नाव घ्या. ते लगेच हो म्हणाले. अधल्यामधल्या वेळात ज्यांना जाग असेल त्यांनी गंगावेशीत जाऊन दूध प्यावं, समोर म्हशीची धार काढून फेसाळ पेला देतात. पोटाला सवय नसलेल्यांनी अर्धाच.

जे ४ तारखेला थांबणार आहेत त्यांच्यासाठी खिद्रापूर. साठेक किलोमीटर आहे, पण तुझ्या यादीतली इतर आठ ठिकाणं काढून हे एक ठेव. कृष्णेच्या काठचं कोपेश्वर. शिलाहारांच्या काळातलं. महादेवाचं देऊळ आणि समोर नंदी नाही. स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आणि वर छपराला मोठं गोल उघडं आकाश, बरोबर खाली गोल शिळा. त्या शिळेवर उभं राहून वर बघायचं आणि बोलायचं नाही. बाहेर पायाशी हत्तींची रांग, प्रत्येक वेगळा. येताना नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शन, संगमावर पाय धुवायचे, आणि बासुंदी, कंदी पेढे, कवठाची बर्फी. मिठाईच्या बाबतीत बंगाली माणसासमोर आपण फार बोलायचं नाही, पण कवठाची बर्फी त्यांच्याकडं नसेल.

आता तुझी कामं. किती जणांना गुडघ्याचा त्रास आहे, कुणाला साखर आहे, कुणी अजिबात मटण खात नाही, लहान मुलं किती, हे दोन दिवसांत कळव. पहाटे उठणारे कोण आणि उशिरा उठणारे कोण हेही. त्यावरून मी माणसं वाटून देते.

जावयांना आशीर्वाद. त्यांच्या आईला सांग, थंडी पहाटेच असते, एक शाल पुरे.

तुझी
आई

ता. क. तुझ्या सासऱ्यांना चप्पल आपल्याकडून द्यायची, कापशी, हातानं शिवलेली. कारागीर म्हणाला, नंबर चालणार नाही, माप लागेल. त्यांना कागदावर उभं करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरव आणि तो कागदच पोस्टानं पाठव. फोटो नको, फोटोत माप चुकतं. या आठवड्यात पाठवलास तर लग्नाआधी तेल पिऊन चप्पल मऊ झालेली असेल.